रवळू घाड्याची शीव

सातविणीच्या झाडाखालच्या दगडापाशी आल्यावर रवळू घाडी थांबला, खांद्यावरचा पंचा झाडला आणि तो खाली अंथरून आरामात बसला.

"फुडे तुमी जावा, सायबानू," तो म्हणाला. "मी हय बसतंय."

आम्हाला डोंगराच्या माथ्यावरचा जुना दगड बघायचा होता आणि तो दाखवायला म्हणूनच म्हाताऱ्याला बरोबर घेतलं होतं. मी तसं बोलून दाखवलं. त्यावर त्यानं चंचीतून सुपारी काढली, अडकित्त्यानं कातरली, आणि वाट सरळ आहे, वर गेल्यावर काजींच्या रोपांत दगड आपोआप सापडेल, असं सांगितलं. मी अजून उभाच आहे हे बघून त्याला माझी दया आली असावी.

"शीव बांधणाऱ्यान शीव वलांडूची नाय," तो म्हणाला. "आमच्यात तसा आसा."

ही एकोणीसशे बत्तीस सालची गोष्ट. मी तेव्हा सावंतवाडी संस्थानात मोजणीदार होतो. शिक्षण सगळं बेळगावला झाल्यामुळे माझी बोली पुस्तकी झाली होती, आणि खेड्यातली माणसं माझ्याशी बोलताना उगाच पदर-पंचा सावरायची. इंग्रज आणि पोर्तुगीज या दोन सरकारांमध्ये त्या आधीच्या वर्षी करार झाला होता. संस्थान कुठं संपतं आणि गोवा कुठं सुरू होतो हे त्यात एकदाचं ठरायचं होतं. बहुतेक ठिकाणी हद्द नदीवरून जात होती, त्यामुळे भांडण नव्हतं. आंबेरळला मात्र आजोबा-पणजोबांच्या काळातल्या एका पुरात नदीनं पात्र बदललं होतं, आणि नदीनं जागा सोडली की हद्दीनं कुठं जायचं हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

अशा गावांसाठी करारात एक कलम होतं. सह्या झाल्या त्या दिवशी गाव जिथं आपली शीव मानत होता, तिथं दोन देशांची हद्द. आणि गाव शीव कुठं मानतो हे ओळखायला सोपं होतं. आमच्या मुलखात दरवर्षी गावचा घाडी शिवेवर जाऊन राखण देतो. कोंबडा कापतो, नारळ फोडतो आणि गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालतो की बाहेरचं वाईट बाहेर राहू दे, आतलं आत सुखी राहू दे. ज्या दगडावर राखण, तो दगड म्हणजे शीव. कलम लिहिणारा माणूस कधीतरी कोकणात हिंडलेला असणार. कचेरीत बसून असं सुचत नाही.

घोटाळा असा की आंबेरळला असे दोन दगड होते. पिढ्यान्पिढ्या राखण माथ्यावरच्या दगडाला मिळत आली होती. पण करारावर सह्या होण्याच्या दोन वर्षं आधी रवळू घाड्यानं देवाला कौल लावून शीव खाली आणली होती, थेट डोंगराच्या पायथ्याला, या सातविणीखाली. दोन दगडांच्या मधे काजी, थोडे आंबे, भाताच्या चार-पाच कुणग्या आणि एकच घर होतं. त्या घरात रवळूची मुलगी आवडी राहत होती. नवरा तापानं गेलेला, पदरात एक लहान मुलगी. वरचा दगड धरला तर आवडी संस्थानात राहणार होती, खालचा धरला तर पोर्तुगालात जाणार होती. जन्म वाडी संस्थानात, मरण फिरंगाणात, आणि मधे घर बदलायचं नाही, असा तो प्रकार होता.

माझ्याबरोबर डोंगर चढत होता तो पोर्तुगीज बाजूचा मोजणीदार, कायतान मिनेझिस. बार्देशातला, अंगानं जाड, मनानं मोकळा आणि मासळीच्या बाबतीत फार गंभीर. आमचे साहेब आणि त्यांचा कप्तान समोर असले की तो पोर्तुगीजमधून बोलायचा, मी इंग्रजीतून. ते दोघं पाठमोरे झाले की तो कोकणी बोलायचा आणि मी मराठी, आणि दोन्ही सरकारांची कामं खरं तर त्याच वेळात व्हायची. तो आंबेरळला पूर्वीही येऊन गेला होता. कराराची नुसती बोलणी चालू होती तेव्हा पाहणीसाठी म्हणून आला आणि घाड्याच्या घरापुढच्या खळ्यात चार दिवस राहिला. तेव्हा खाल्लेल्या सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, कढीची आठवण त्यानं मला वाटेत दोनदा सांगितली.

वरचा दगड सापडला. काजीच्या पाचोळ्यात अर्धा गाडलेला होता, आणि त्याला शेंदराचा जुना डागही होता. उतरताना आवडीच्या अंगणात पाणी मागितलं. तिनं तांब्याबरोबर गूळ ठेवला. शेणानं सारवलेलं अंगण, ओसरीच्या पेळेवर वाळत घातलेली आमसुलं, तुळशीपाशी खेळणारी मुलगी. बाई टापटिपीची होती. हद्दीचं कळलं असेल, काळजी वाटते का, असं मी विचारलं.

"बापाशीक इचारा," ती म्हणाली आणि आत गेली. परत बाहेर आली नाही.

गावात याचा उलगडा झाला. देवळाचा गुरव बोलका होता. त्यानं सांगितलं की म्हाताऱ्याचे गुडघे गेले, वर चढवेना, म्हणून त्यानं देवाला सांगून शीव आपल्या घराजवळ आणली. पण शीव बांधणाऱ्यानं शीव ओलांडायची नाही हे तो विसरला. आता पोटच्या मुलीचं घर शिवेपलीकडे, आणि हा अलीकडे. तीन वर्षं झाली, रवळूनं मुलीच्या उंबऱ्यावर पाय ठेवलेला नाही. आपल्या हातानं आपल्याच पायात खोडा घालणारा असा दुसरा माणूस पंचक्रोशीत नाही, असं म्हणून गुरव हसला. गावही हसत होता, तीन वर्षं.

त्याच दिवशी दुपारी आम्ही घाड्याच्या खळ्यात बसलो होतो. उन्हानं जीव कासावीस झाला होता. म्हातारा दिसेना म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं, तर तो माडाच्या शेंड्यावर होता. वरून चार शहाळी खाली पडली, मग कमरेला कोयती खोचून रवळू घाडी सरसर उतरला, आणि दमही न लागता आमच्यासाठी शहाळी तासायला बसला.

मिनेझिसनं माझ्याकडे पाहिलं. "घाड्याचे गुडघे माडार चडटना दुखनात," तो हळूच म्हणाला. "देवागेर वयता तेन्नाच दुखतात."

मलाही हसू आलं. म्हातारा आळशी आहे एवढाच निष्कर्ष मी त्यातून काढला. मोजणीदाराला दोन बिंदू दिसले की तो मधे सरळ रेघ मारतो, ती सवय.

दुसरं एक मी रोज बघत होतो. आमचं मोजणीचं प्लेन टेबल सातविणीजवळच लावलेलं असायचं. दुपार झाली की आवडी डोंगर उतरून यायची, हातात झाकलेली पितळी. पेज, वर लोणच्याची फोड किंवा भाजलेला सुका बांगडा. ती पितळी दगडावर ठेवायची आणि आपल्या बाजूला पाठ फिरवून बसायची. रवळू पेज भुरकायचा, पितळी धुऊन पुन्हा दगडावर ठेवायचा. ती उचलायची आणि जायची. शिवेवरून हात पलीकडे न्यायचा नाही, हातात काही द्यायचं-घ्यायचं नाही, दगडावर ठेवायचं, असा त्यांचा रिवाज होता म्हणे. ते ठीक. पण बोलायला तर बंदी नव्हती. ती एक शब्द बोलत नसे. राग धरलाय पोरीनं, असं मी समजलो, आणि तो रागही मला रास्त वाटला. ज्या बापाला डोंगर चढायचा कंटाळा म्हणून मुलगी परमुलखात ढकलावीशी वाटते, त्याच्याशी कोण बोलेल?

चौकशीच्या आदल्या दिवशी बुधाजी परब माझ्या राहुटीवर आला. आवडीचा हा दीर. गावात वजन असलेला माणूस, कानात भिकबाळी, बोलणं ठासून. त्यानं वरच्या दगडाबद्दल साक्ष द्यायची तयारी दाखवली. जमीन त्याच्या भावाची. भाऊ गेल्यावर ती त्याच्याकडे यायची होती, आणि ती फिरंग्याच्या घशात गेलेली त्याला चालणार नव्हती. वहिनीचं काय, असं मी विचारलं. तिला अन्नवस्त्र आम्ही देऊच, असं तो म्हणाला. ती वरचं घर सोडायला तयार नाही एवढाच तिचा हट्ट, हद्द ठरली की तो हट्टही मोडू. जनावराच्या गोठ्याशेजारी एक खोली रिकामी होती, ती त्यानं तिच्यासाठी बघून ठेवली होती.

माणूस मला आवडला नाही. पण साक्षीदार आवडून घ्यायचे नसतात. संस्थानला डोंगर हवा होता, बुधाजीला जमीन हवी होती, आणि आवडीनं आपल्या माणसांत राहावं असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. तिन्ही गोष्टी एकाच दगडानं साधत होत्या. अडसर फक्त रवळूचा होता. म्हणून मी संध्याकाळी त्याच्याकडे गेलो.

तो खळ्यात सुंभ वळत बसला होता. मी त्याला समजावलं. उद्या साहेब विचारतील तेव्हा एवढंच सांगायचं की खरी शीव वरचीच, खाली आणली ती सोयीपुरती. कुणी खोटं म्हणणार नाही, सगळ्या गावाला तुमचे गुडघे माहीत आहेत.

"सोयीपुरती खय?" तो म्हणाला. "देवान दिल्यान ती."

"आबा, तुमची मुलगी दुसऱ्या राज्यात जाईल."

"जायत."

मी चिडलो. उद्या इथं नाकी बसतील, शेरभर मिठावर जकात पडेल, तिच्या मुलीचं लग्न इकडे करायचं तर परवाने लागतील, तुम्ही आजारी पडलात तर तिला शिपायाला विचारून यावं लागेल, असं बरंच काही मी बोललो. तो ऐकत होता आणि सुंभ वळत होता. माझं संपल्यावर त्यानं मान वर केली.

"सायबानू, तुमका चेडू आसा?"

"मुलगी? माझं लग्न व्हायचंय अजून."

"मगे ऱ्हवांदे," तो म्हणाला, आणि मला बसायला पाट दिला. त्यानंतर पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या.

चौकशी सातविणीखालीच झाली. आमचे साहेब आणि त्यांचा कप्तान खुर्च्यांवर, गाव जमिनीवर. आवडी आपल्या बाजूला, जरा वर, एका आंब्याला टेकून उभी होती. बुधाजीनं साक्ष दिली आणि चांगली दिली. बापजाद्यांपासून राखण वर होती, या म्हाताऱ्याचे गुडघे गेले म्हणून त्यानं गावाची शीव खाली ओढली, एका माणसाच्या गुडघ्यापायी देवाची शीव हलते काय, असं त्यानं विचारलं. कुणीतरी मागून माडाबद्दल काहीतरी पुटपुटलं आणि लोक हसले.

मग रवळूला पुढं बोलावलं. साहेबांनी मला सांगितलं की त्याला त्याच्या देवाची शपथ घ्यायला सांग. रवळूनं शपथ घेतली नाही. त्यानं हातात पाणी घेतलं, दगडावर सोडलं आणि देवळाच्या दिशेला तोंड केलं.

"राखण हयसर देतंय," तो म्हणाला. "देवाक इचारलंय. देवान उजवो दिल्यान. गुरवान बघल्यान."

गुरवाला विचारलं. त्यानं सांगितलं, खरं आहे. देवाच्या पाषाणाला कळे लावले होते, उजव्या बाजूची कळी पडली, म्हणजे देवाचा होकार. साहेबांनी मला उजवी-डावीचा अर्थ विचारला, मी सांगितला. ते थोडा वेळ पेन्सिल चावत बसले. मग म्हणाले की त्यांच्या स्वतःच्या देशाच्या हद्दी याहून कच्च्या आधारावर ठरलेल्या आहेत, आणि कलमात सह्यांच्या दिवशीची शीव म्हटलंय, त्या दिवशी ती इथं होती. कप्तानाला तर डोंगर फुकट मिळत होता. त्यानं हात पुढं केला. दोघांनी हस्तांदोलन केलं, आणि आवडीचं घर पोर्तुगालात गेलं.

"म्हाताऱ्यान चेडवाक इकल्यान," बुधाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला आणि निघून गेला. मी आवडीकडे पाहिलं, पण आंब्याखाली कुणी नव्हतं.

साहेब आणि कप्तान पुढच्या गावाला गेले. खांब उभारून मग यायचं अशी मला आणि मिनेझिसला आज्ञा होती. करारात खांबाचंसुद्धा चित्र होतं. चिऱ्याचा, चुन्यानं गिलावा केलेला, चौकोनी, आणि माथ्याला निमुळता, म्हणजे वर पावसाचं पाणी साठत नाही आणि कुणी बसतही नाही. आम्ही आतापर्यंत तसे पुष्कळ उभारले होते. शिवेचा दगड उपटून त्याच जागी खांबाचा पाया घ्यायचा होता. गवंडी कामाला लागला. उपटण्याआधी रवळूनं त्या दगडाला नारळ दिला आणि बाजूला बसून राहिला.

मिनेझिसकडे आणखी एक काम होतं. पोर्तुगालात नव्यानं आलेली जमीन नव्यानं नोंदवायची होती. तो सकाळीच आवडीकडे गेला आणि बऱ्याच उशिरानं उतरला. नेहमी डोंगर उतरताना तो धापा टाकत संतांची नावं घ्यायचा. त्या दिवशी तो सरळ माझ्याकडेच आला. मला हाताला धरून बाजूला नेलं.

"नार्वेकार," तो म्हणाला, "तुमच्या कायद्यान तिका कितें मेळटा?"

मी सांगितलं. एकत्र कुटुंब. नवरा गेला की त्याचा वाटा भावाकडे. बाईला अन्नवस्त्र, आणि ते देणाऱ्याच्या मर्जीनं. मुलीला काही नाही, लग्नाचा खर्च दिला तर दिला.

"आमच्या कायद्यान अर्दें तिचें, अर्दें तिच्या चेडवाचें. दिराक उदकाचो थेंबूय ना. आतां कागदार बरोवन आयलां हांव. आंगठो मारलो तिणें." तो थांबला. "आनी हें सगळें हांवेंच सांगिल्लें. थंय, घाड्याच्या खळ्यांत. सुंगटांची कडी खातां खातां. कायदोय सांगलो, आनी कलमूय सांगलें, शीव थंय हद्द म्हूण. म्हातारो वाडटालो आनी हांव सांगतालों."

आम्ही दोघांनी एकदमच वळून पाहिलं. रवळू पंच्यावर बसला होता आणि गवंड्याला सांगत होता की चुना नीट मळ.

मी त्याच्याजवळ जाऊन खाली बसलो. पुस्तकी भाषेत हे कसं विचारावं मला कळेना.

"आबा, तुमचे गुडघे कसे आहेत?"

"बरे आसत. कित्या?"

"मग देवाला तुम्ही काय विचारलं होतंत?"

गवंडी पाणी आणायला गेला तेव्हा तो बोलला.

"गुडघ्याचा लोकांनी म्हटल्यानी. देवाक मी गुडघ्याचा कधी इचारूकच नाय. मी इचारलंय, माझ्या चेडवाक तिच्या घरातसून कोण भायर काडूचो नाय, अशी शीव खय घालू? सातविणीखाली घालू? देवान उजवी कळी दिल्यान."

"आणि गुरव? त्यानं ऐकलं असेल ना?"

"मनात इचारूचा असता, सायबानू. कळी तेवढी सगळ्यांका दिसता."

चौकशीत साहेबांनी विचारलं होतं, कप्तानानं विचारलं होतं, बुधाजी ओरडला होता, मी दुभाषा झालो होतो. देवानं होकार दिला का, एवढंच सगळ्यांनी विचारलं. कशाला होकार दिला हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. म्हातारा खोटं एक अक्षर बोलला नव्हता.

"पण मग तुम्ही?" मी म्हणालो. "तुम्हाला आता वर जाता येणार नाही. कधीच नाही."

"तासुद्धा इचारलंय. दुसऱ्यांदा कळे लावलंय. म्हटलंय, महाराजा, माका तेवढी मोकळीक दी. वर्साक एकदा. नातीच्या वाढदिसाक." त्यानं पंच्याचं टोक सारखं केलं. "डावी पडली."

मला वाईट वाटलं. आदल्या आठवड्यात मी या माणसाला मुलीच्या काळजीवर व्याख्यान दिलं होतं, ते आठवून आणखी वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, आवडीला हे माहीत आहे का.

"तिका ठावक आसा म्हणान तर बोलणा नाय," रवळू म्हणाला. "तिचा म्हणणा, माका गोठ्यातली खोली चलली असती. तू वांगडा, जवळ होतंस तर चलली असती. मी म्हटलंय, मी किती दिवस आसंय? जमीन ऱ्हवतली." मग तो उठला आणि गवंड्याच्या चुन्यात स्वतःच हात घालून बसला, कारण त्याच्या मते तो अजूनही नीट मळलेला नव्हता.

दुपार झाली तेव्हा खांब छातीइतका उभा राहिला होता. माथ्याचा चिरा घडवून तयार होता, चारी बाजूंनी उतरता, देवळाच्या कळसाच्या खालच्या भागासारखा. गवंड्यानं तो वर बसवला आणि ओळंबा लावून बघत होता, तेवढ्यात आवडी पितळी घेऊन खाली आली.

ती खांबापाशी येऊन थांबली. दगड नव्हता. तो खांबाच्या पायात गाडला गेला होता. तिनं खांबाच्या माथ्याकडे पाहिलं. तिथं लिंबूसुद्धा टेकलं नसतं. जमिनीवर ठेवावं तर कुठं, तिच्या बाजूला ठेवलं तर तो घेणार नाही, त्याच्या बाजूला ठेवायचं तर तिला हात पलीकडे न्यावा लागणार. हातात देणं तर नव्हतंच. रवळूही उठून उभा राहिला होता. तीन वर्षांपूर्वी त्यानं देवाला सगळं विचारलं होतं, पण खांबाचा आकार कसा असेल हे विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. सुचणार तरी कसं? तसं चित्र काढणारी माणसं फार लांब बसलेली होती.

आवडी पितळी धरून उभी होती. पेजेची वाफ दिसत होती. गवंडी ओळंबा हातात धरून आमच्याकडे बघायला लागला.

मिनेझिस माझ्याकडे बघत नव्हता. तो खांबाकडे बघत होता. मग गवंड्याला म्हणाला, "तो वयलो चिरो काड. सपाट घाल."

गवंडी म्हणाला, चित्रात निमुळता आहे. दोन्ही सरकारांच्या सह्या आहेत चित्रावर.

"दोन्ही सरकारं इथं उभी आहेत," मी म्हणालो. "काढ."

त्यानं चिरा उतरवला आणि सपाट चिरा घासून वर बसवला. पुढं तपासणीला साहेब आले तेव्हा त्यांनी विचारलंच. माथ्याचा चिरा फुटका निघाला आणि जवळ दुसरा नव्हता, असं मी इंग्रजीतून सांगितलं आणि मिनेझिसनं कप्तानाला पोर्तुगीजमधून सांगितलं. दोन्ही भाषांत ते सारखंच पटलं. नंतरच्या काळात त्या हद्दीवर खरोखरच नाकी बसली, मग वाटाच बंद झाल्या, मग एके दिवशी गोवा आपला झाला आणि हद्दच उरली नाही. बहुतेक खांब लोकांनी घराच्या पायऱ्यांना नेले. आंबेरळचा अजून उभा आहे. मधे मी तिकडून गेलो तेव्हा त्याच्यावर कुणीतरी लाकडाची मोळी टेकवून विडी ओढत उभं होतं. वर काजींमध्ये आवडीच्या मुलीचं घर होतं, मंगलोरी कौलांचं. तिनं मला गूळपाणी दिलं.

पण त्या दिवशीचं सांगायचं तर, चुना ओला होता आणि गवंडी, वाळू द्या, वाळू द्या, म्हणत होता. आवडीनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिनं पितळी खांबावर ठेवली. रोज ठेवल्यावर ती पाठ फिरवून बसायची. त्या दिवशी बसली नाही. बापाच्या समोर उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "पेज निवता."